साथीचे रोग आणि मुंबईची ये-जा

मी कांहीं वाहतूकशास्त्राचा पंडित नव्हें. आयुष्यभर मुलांना गणित आणि भूगोल शिकविला, आणि ठाण्याहून परळकडील एका शाळेंत रोज लोकलनें गेलों-आलों, एवढाच या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार. निवृत्त झाल्यावर एकदां सहज हिशेब मांडला. जाण्यायेण्याचे रोजचे २ तास, शाळेचे वर्षाकांठीं सुमारें २२० दिवस, आणि नोकरीचीं ३० वर्षें. गुणाकार १३,२०० तासांचा निघाला. म्हणजे अखंड ५५० दिवस. माझ्या आयुष्यांतील दीड वर्ष मीं लोकलच्या डब्यांत, आणि तेंहि बहुतेक उभ्यानें, काढलें आहे. ऐकणाऱ्यांपैकीं अनेकांचा हिशेब याहून मोठा निघेल.

आमचें घर रुळांपासून फार दूर नाहीं. भिंतीवरच्या घड्याळाकडे न पाहतां, गाडीच्या आवाजावरून वेळ ओळखण्याची संवय घरांतील सर्वांनाच आहे. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून तो आवाज थांबला. अतिवृष्टीनें एखादा दिवस गाड्या बंद पडल्याचें आम्हीं पाहिलें होतें. पण लोकलवांचून गेलेले आठवडेच्या आठवडे कधीं पाहिले नव्हते. ज्या गाड्या रोज पाऊणशें लाखांहून अधिक प्रवासी वाहून नेत, त्या सर्वसामान्यांसाठीं जवळजवळ दीड वर्ष कधीं पूर्ण बंद, कधीं अर्ध्यामुर्ध्या चालू राहिल्या. त्या शांततेंत माझ्या मनांत जे प्रश्न उभे राहिले, तेच आज आपणांपुढें मांडणार आहें. साथीच्या रोगानें शहराची ये-जा कशी बदलते? सरकार त्यावर काय उपाय योजतें? आणि साथ ओसरल्यावर त्यांतलें काय टिकतें, काय वाहून जातें?

आरंभीं शाळेंतलाच एक दाखला देतों. आमच्या शाळेंत पिण्याच्या पाण्याचे चार नळ होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली कीं सातशें-आठशें मुलें त्या चार नळांवर तुटून पडत. ढकलाढकली होई, एखाद्याचा दांत पडे. यावर उपाय दोन. एक, मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला आणखी नळ बसवावयाचे. दुसरा, खालच्या वर्गांची सुट्टी दहा मिनिटें आधीं आणि वरच्या वर्गांची दहा मिनिटें मागाहून करावयाची. पहिला उपाय जागेचा, दुसरा वेळेचा. पहिल्याला पैसा आणि वर्षें लागतात. दुसऱ्याला फक्त घंटा वाजविणारा शिपाई आणि थोडा एकविचार लागतो. आम्हीं दुसरा उपाय केला, आणि दांत पडावयाचे थांबले.

शहराच्या ये-जेचेंहि असेंच आहे. माणूस राहतो एका जागीं आणि पोट भरतो दुसऱ्या जागीं. शिवाय सर्वच माणसें एकाच वेळीं घराबाहेर पडतात. गर्दीचीं मुळें हीं दोनच. मुंबईवर सव्वाशें वर्षांच्या अंतरानें दोन मोठ्या साथी आल्या. १८९६ च्या प्लेगनें मुंबईची जागा बदलली. २०२० च्या करोनानें मुंबईला वेळ बदलून दाखविली. पहिला धडा आपण गिरविला; दुसरा गिरवितां गिरवितां पाटी पुसून टाकली. हेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम प्लेगची हकीकत पाहूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं रोग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराशेजारची धान्याच्या वखारींची दाट वस्ती. रोगाचें नांव फुटतांच शहराची पहिली हालचाल झाली ती पळण्याची. त्या हिवाळ्यांत कांहीं लाख माणसें मुंबई सोडून गेलीं. कोणी आगगाडीनें, कोणी आगबोटीनें, कोणी पायींच. गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले, आणि जे राहिले त्यांना रोजचा रोज मजुरी मोजून देण्याची पाळी गिरणीवाल्यांवर आली. १८९१ च्या शिरगणतींत सव्वाआठ लाखांच्या घरांत असलेली मुंबईची वस्ती १९०१ च्या शिरगणतींत पावणेआठ लाखांपर्यंत उतरलेली दिसते.

सरकारनें १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा केला. (याच कायद्याचा आधार पुढें २०२० सालींहि घेण्यांत आला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.) रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना रांगेंत उभें करून त्यांची नाडी, कांख, जांघ तपासूं लागले, संशयितांना अडकवून ठेवूं लागले, गांठोड्यांना औषधाची वाफ देऊं लागले. या तपासणींतील दांडगाईनें लोक किती दुखावले आणि पुण्यांत त्याचा शेवट कशांत झाला, तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु आज मला त्यांतील वेगळीच बाजू दाखवावयाची आहे. एवढा बंदोबस्त करूनहि प्लेग आगगाडीच्या वाटेनें पुढें सरकतच राहिला. असें कां व्हावें?

त्याचें उत्तर १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस केलेल्या प्रयोगांतून मिळूं लागलें. प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरावरील पिसवेमुळें होतो, असें त्यानें दाखविलें. पुढें कांहीं वर्षांनीं परळच्या प्रयोगशाळेंतील संशोधनानें त्यास पुष्टि मिळाली. म्हणजे शिपाई माणसाची कांख तपाशीत होते, आणि पिसू धान्याच्या पोत्यांतून बिनतिकीट, बिनतपासणी प्रवास करीत होती! भयाच्या घाईंत आंखलेलें प्रवासाचें धोरण पुष्कळदां भलत्याच जागीं पहारा करितें. याबद्दल त्या काळच्या लोकांना हंसण्याचें कारण नाहीं. २०२० सालीं आपण भाजीच्या पिशव्या साबणानें धुतल्या आणि बसच्या दांड्यांवर औषध फवारलें. रोग मुख्यतः कोंदट जागेंतील हवेंतून पसरतो, हें स्पष्ट होऊन मनावर ठसेपर्यंत पुष्कळ काळ गेला.

प्लेगनंतरचें दुसरें धोरण मात्र दूरवरचें होतें. १८९८ सालीं कायद्यानें ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. कोंदट चाळींना हवा नाहीं, उजेड नाहीं, म्हणून रोग फोफावतो, असा तेव्हांचा समज. तो शास्त्रतः अपुरा होता, तरी त्यांतून केलेलें काम उपयोगी ठरलें. पश्चिमेचा समुद्रावरचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, काढला. सँडहर्स्ट रोड काढला, महंमद अली रोड काढला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत त्या वेळीं शेतें आणि ओसाड जमिनी होत्या; तेथें आंखीव रस्ते आणि भूखंड पाडून नवी वस्ती वसविण्याची योजना आली. दादरची हिंदु कॉलनी आणि पारशी कॉलनी हीं त्याच योजनेचीं फळें. ट्रस्टनें जितकीं घरें पाडलीं तितकीं गरिबांना परत दिलीं नाहींत, हा आक्षेप त्या काळींहि होता आणि तो खोटा नव्हता. ज्यांना परवडलें ते मोकळ्या हवेंत गेले. ज्यांना परवडलें नाहीं ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीनें राहिले.

आतां घरें दूर गेलीं, पण कामाच्या जागा तेथेंच राहिल्या: कोटांत, बंदरावर, गिरणगांवांत. मग मधलें अंतर कापावयास साधन हवें. घोड्यांच्या ट्रामी १८७४ पासून होत्याच. १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धांवली. १९२६ मध्यें मोटार-बस सुरू झाली, आणि १९२८ मध्यें कुलाबा ते बोरिवली हा मार्गहि विजेवर आला. हें सर्व केवळ प्लेगमुळें झालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. व्यापार वाढत होता, लोकसंख्या पुन्हां चढत होती. परंतु दाट शहर मोडून लांबट शहर करण्याची दिशा प्लेगनें दिली, यांत शंका नाहीं. दादर गेलें, मग पार्लें, मग ठाणें, मग डोंबिवली, आणि आज कर्जत-कसारा. घरांतील दाटी कमी करावयास निघालेलें शहर ती दाटी उचलून आगगाडीच्या डब्यांत घेऊन आलें! जागेचा उपाय एकटाच केला म्हणजे असें होतें. नळ दुसऱ्या टोंकाला बसविले, पण घंटा एकच ठेवली.

वेळेच्या उपायाचें एक जुनें उदाहरण आहे, तें परदेशांतलें. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची जगद्व्यापी साथ आली. तिनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि मुंबई हें तिचें येथील एक प्रवेशद्वार होतें. त्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क शहराचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांनीं तेथील भुयारी आगगाडींतील गर्दी फोडण्यासाठीं निरनिराळ्या धंद्यांना उघडण्या-मिटण्याच्या निरनिराळ्या वेळा नेमून दिल्या. कचेऱ्या एका वेळीं, दुकानें दुसऱ्या वेळीं, कारखाने तिसऱ्या वेळीं. गाडी तीच, रूळ तेच, माणसें तींच. फक्त घंटा वेगळाली.

आतां २०२० कडे येऊं. या वेळींहि शहराची पहिली हालचाल पळण्याचीच होती. पण १८९६ सालीं पळणाऱ्यांना आगगाडी होती, २०२० सालीं तीहि बंद होती. मजूर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन हमरस्त्यांनीं आणि रुळांच्या कडेनें शेंकडों मैल चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहांटे करमाडजवळ रुळांवर थकून निजलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. गाड्या नाहींत असें धरून चाललेल्या माणसांवर गाडी यावी, याहून विपरीत तें काय? मजुरांसाठीं विशेष गाड्या १ मे पासून सुरू झाल्या होत्या. पण त्या सर्वांपर्यंत पोहोंचल्या नव्हत्या.

मुंबईंत त्या पावणेतीन महिन्यांत जें कांहीं चाललें तें बसवर चाललें. ‘बेस्ट’च्या आणि एस. टी. च्या चालक-वाहकांनीं परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांची ने-आण केली, आणि त्यांत कित्येकांनीं स्वतःचे प्राण गमावले. माझी सून मुंबईच्या एका रुग्णालयांत परिचारिका आहे. ती रोज एस. टी. नें जाई. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवकांसाठीं लोकल सुरू झाली. जिच्यांत बसावयाच्याच जागा सुमारें १,२०० तिच्यांत ७०० जणांनींच बसावें, असा नियम झाला. पहिल्या दिवशीं घरीं येऊन ती म्हणाली, “बाबा, आज मला खिडकी मिळाली.” नोकरीला लागल्यापासून तिला खिडकी प्रथमच मिळाली होती. माझा मुलगा मात्र त्याच काळांत स्वयंपाकघरांतील मेजावर संगणक मांडून कचेरीचें सर्व काम करी, आणि कचेरीचें कांहीं अडल्याचें दिसलें नाहीं. एकाच घरांत एकाचें काम घरीं आलें, आणि दुसरीला कामाकडे गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. साथीनें शहराचे हे दोन भाग स्पष्ट करून दाखविले.

पण तिसराहि एक भाग होता. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दिव्याला राहतात. दिवा ते ठाणें हें लोकलचें तिकीट ५ रुपये आणि महिन्याचा पास १०० रुपये. त्यांचें काम सरकारच्या अत्यावश्यक यादींत नव्हतें. पहिले दोन महिने आम्हीं त्यांचा पगार पुरा पाठविला. तिसऱ्या महिन्यापासून अर्धाच दिला. हें सांगतांना मला संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. पुढें इमारतीनें कामकरणींना आंत घेण्यास मुभा दिली, तेव्हां मावशी दोन ठिकाणीं रिक्षा बदलून येऊं लागल्या. जाऊन-येऊन रोजचे ८० रुपये. म्हणजे महिन्याच्या पासाला लागणारे पैसे जवळजवळ एका दिवसांत. एके दिवशीं त्या सहज म्हणाल्या, “मास्तर, तुमची सून जाते तें काम गरजेचें, मग माझें काय हौसेचें?” मजपाशीं उत्तर नव्हतें. कोणाचा प्रवास आवश्यक, हें ठरविणारी यादी ज्यांना स्वतःला प्रवास करावा लागत नव्हता अशांनीं केली होती. हातावर पोट असणाऱ्याला आपलें काम अनावश्यक आहे ही बातमी प्रथम स्थानकाच्या दारांतच कळली.

यानंतरचा भाग माझ्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना लोकलची मुभा मिळाली. पण सकाळीं ११ ते दुपारीं ३, आणि संध्याकाळीं ७ नंतर. मावशी पूर्वी सकाळीं आठाला येत, त्या आतां साडेअकराला येऊं लागल्या. आमच्या घरीं प्रथम कुरकूर झाली. भांडीं पडून राहतात, दुपारचा स्वयंपाक खोळंबतो, इत्यादि. आठ दिवसांत सर्व सुरळीत झालें. रात्रीचीं दोन पातेलीं मीं घासूं लागलों. श्रोतेहो, आठाचें काम साडेअकराला झालें आणि जग बुडालें नाहीं! तेव्हां माझ्या ध्यानीं आलें कीं इतकीं वर्षें मावशी जी सकाळची जीवघेणी गर्दी सोशीत होत्या, ती आमच्या घरच्या एका संवयीसाठीं, गरजेसाठीं नव्हे.

१ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सर्वांना खुली झाली, तीहि वेळा बांधून: पहिल्या गाडीपासून सकाळीं ७ पर्यंत, दुपारीं १२ ते ४, आणि रात्रीं ९ पासून शेवटच्या गाडीपर्यंत. कल्पना चांगली होती, पण तिच्यांत अर्धेंच काम झालें होतें. रेल्वेनें वेळ मोकळी केली. कचेऱ्यांनीं मात्र आपली वेळ बदलली नाहीं. साडेनवाला हजेरी द्यावयाची असेल तर दुपारीं बारानंतरच्या गाडीचा उपयोग काय? म्हणून कित्येक जण पहांटे निघून कचेरी उघडेपर्यंत बाहेर बसून राहत. एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेंत सर्वसामान्यांना पुन्हां बंदी झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास मिळूं लागले, आणि २०२२ च्या गुढीपाडव्यापासून राज्यांतील निर्बंध उठले. त्याबरोबर वेळेचा विचारहि उठला.

आतां ताळेबंद पाहूं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून आणि अशाच इतर कारणांनीं होणारे मृत्यु २०१९ मध्यें अडीच हजारांहून अधिक होते. २०२० मध्यें ते अकराशेंच्या आसपास आले. २०२२ मध्यें पुन्हां अडीच हजारांच्या घरांत गेले. करोनाच्या मृत्यूंची रोज मोजदाद होत होती, रोज आंकडे छापून येत होते. आणि तें योग्यच होतें. पण आपल्या रोजच्या जाण्यायेण्यानें होणारे हे मृत्यु दरवर्षीं होतात, आणि त्यांना कोणी साथ म्हणत नाहीं. माणूस एका रोगानें मेला तर धोरण बदलतें. रोजच्या गर्दीनें मेला तर नशीब म्हणतात.

निर्बंध उठल्यावर तीन गोष्टी घडल्या. पहिली, ज्याला परवडलें त्यानें साथीच्या भयानें दुचाकी किंवा मोटार घेतली, आणि एकदां दारांत आलेली गाडी पुन्हां दाराबाहेर जात नाहीं. परदेशांत कांहीं शहरांनीं या भयाला निराळें वळण दिलें. पॅरिसमध्यें २०२० च्या मे महिन्यांत रिव्होली नांवाच्या मोठ्या रस्त्यावर खासगी मोटारींना बंदी करून तो बहुतांशीं सायकलींना दिला, आणि साथीपुरत्या म्हणून आंखलेल्या पुष्कळशा सायकलवाटा पुढें कायमच्या केल्या. आपल्याकडेहि केंद्राच्या नगरविकास खात्यानें जून २०२० मध्यें पायीं आणि सायकलनें जाण्यास उत्तेजन द्यावें, असें शहरांना कळविलें होतें. परंतु आमच्याकडे चालणाऱ्यास धड पदपथ नाहीं, तेथें सायकलवाट कोठून टिकणार?

दुसरी गोष्ट बसची. संकटांत जिनें शहर सांवरलें ती बस संकट सरल्यावर बळकट व्हावयास हवी होती. ‘बेस्ट’च्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या, आणि ९ मे २०२५ पासून साध्या बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये झालें. खर्च भागविणें संस्थेला भाग आहे, हें मी जाणतों. पण पांचांचे दहा झाले कीं गरीब माणूस एक तर पायीं चालतो, किंवा पुन्हां लोकलच्या दाराला लोंबकळतो.

तिसरी गोष्ट त्या दाराचीच. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं गर्दीच्या वेळीं दिवा आणि मुंब्रा यांमधील वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खालीं पडले. त्या दिवशींच चौघांचा मृत्यु झाला, इतर अनेक जखमी झाले. मावशींचाच तो मार्ग. बातमी ऐकून माझी पत्नी दारांत जाऊन उभी राहिली. मावशी साडेअकराला नेहमीप्रमाणें आल्या. करोनांत बदललेली वेळ आम्हीं पुन्हां मागें नेली नव्हती. गर्दी टळेपर्यंत घरचीं कामें आटोपून त्या निघतात. त्या दिवशीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. चहा घेतला आणि कामाला लागल्या.

या अपघातानंतर, साध्या लोकलनाहि आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. दारें मिटलीं कीं डबा कोंदटणार. म्हणून दारांना झरोके, छपरावर हवा खेळविण्याचीं यंत्रें, आणि एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाण्याची वाट, असाहि त्याच योजनेचा भाग आहे. ही योजना स्वागतार्ह आहे. प्रिन्सेस स्ट्रीट काढणाऱ्यांना हवेचें जें महत्त्व अर्धवट उमगलें होतें, तें करोनानें आपणांस पुरतें शिकविलें आहे. तेव्हां दारें मिटतांना झरोके विसरूं नयेत. परंतु दारें हा जागेचाच उपाय. ज्या चौरस मीटरांत चौदा-पंधरा माणसें उभीं राहतात, तेथें दार मिटणार तरी कसें? त्यासाठीं माणसें वेळेंत पांगलीं पाहिजेत.

हें अशक्य नाहीं. २०२३ मध्यें मध्य रेल्वेनें शेंकडों संस्थांना पत्रें लिहून कामाच्या वेळा बदलण्याची विनंती केली, आणि आधीं केलें मग सांगितलें या न्यायानें आपल्या कचेरींतील सेवकांसाठीं दोन निराळ्या वेळा लागू केल्या. सरकारी कचेऱ्या, बँका, महाविद्यालयें आणि मोठ्या व्यापारी संस्था यांनीं आपसांत वेळ वांटून घेतली, तर एकहि नवा रूळ न टाकतां सकाळच्या दोन तासांची गर्दी चार तासांत पसरेल. यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. एका कचेरीचें काम दुसरीवर अवलंबून असतें. मुलांच्या शाळा एका वेळीं आणि आईबापांच्या कचेऱ्या दुसऱ्या वेळीं, असें झालें तर घराची ओढाताण होईल. उशिरां परतणाऱ्या स्त्रियांसाठीं स्थानकापासून घरापर्यंत उजेड, पोलीस आणि बस हवी. म्हणून हें काम एकट्या रेल्वेचें नव्हे. राज्य सरकार, महापालिका आणि रेल्वे यांनीं एकत्र बसून करावयाचें आहे. २०२०-२१ मध्यें एका रात्रींत वेळा ठरविणारे हे तिघे निवांतपणीं एकत्र बसूं शकत नाहींत, असें मी मानीत नाहीं.

परंतु सरकार करील तेव्हां करील. आपण गृहस्थ मंडळी आज काय करूं शकतों, एवढें सांगून हें भाषण पुरें करितों. आपल्या घरीं, दुकानांत, कचेरींत जो कोणी दुरून गाडीनें येतो, त्याला एकदां विचारावें: ‘तुम्ही अर्धा-पाऊण तास मागेंपुढें आलांत तर तुम्हांला गाडींत उभें राहावयास जागा मिळेल काय?’ मिळेल असें तो म्हणाला, तर आपली संवय तेवढी बदलावी. यांत खर्च कांहीं नाहीं. शाळेंत आम्हीं दहा मिनिटांची घंटा मागेंपुढें केली होती, एवढीच ही गोष्ट आहे. प्लेगनंतर शहर बदलावयास पन्नास वर्षें लागलीं. घंटा बदलावयास दुसऱ्या साथीची वाट पाहावी, असें मला वाटत नाहीं.